आंडीज पर्वतावरील बांध

(वाचावयाचा भाग : उत्पत्ति ३१:४३-५४, लूक १४:३१, ३२.)

लाबान व याकोब यांची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. सासरा व जांवई वीस वर्षें एकमेकांस फसवीत आले, आणि शेवटीं गिलादाच्या डोंगरांत समोरासमोर उभे राहिले. लाबानाबरोबर त्याचे भाऊबंद इतके होते कीं, त्याच्या मनांत असतें तर त्या दिवशीं रक्त सांडलें असतें. तें सांडलें नाहीं. त्यांनीं धोंडे गोळा करून रास केली, तिच्याजवळ बसून जेवण केलें, आणि वाईट हेतूनें ती रास ओलांडून एकमेकांकडे जाणार नाहीं असें दोघांनीं कबूल केलें. पुष्कळ उपदेशक या ठिकाणीं मिस्पा या शब्दावर चार गोड वाक्यें बोलून पुढें जातात. मूळ भाग नीट वाचिला तर त्यांत गोडपणा थोडा व सावधगिरी फार, असें आम्हांस दिसतें. या दोघांचा एकमेकांवर भरंवसा नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच त्यांस धोंड्यांच्या राशीची गरज पडली.

राष्ट्रांचा इतिहास वाचितांना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. दोन देश लढाई टाळितात तेव्हां त्यांच्यामध्यें प्रेम उत्पन्न झालेलें असतेंच असें नाहीं. पुष्कळदां त्यांनीं धोंडे मात्र नीट मांडिलेले असतात. युरोपांतील तहांचीं उदाहरणें सर्वांच्या तोंडीं असतात, परंतु त्यांतील कित्येक तह मोडलेले आहेत. बेल्जम देशाची तटस्थता मोठमोठ्या राज्यांनीं १८३९ सालीं सह्या करून मान्य केली, आणि १९१४ सालीं जर्मनीनें ती तुडविली. म्हणून आज आम्ही वाचकांस दूर दक्षिण अमेरिकेंत नेतों. तेथें आर्जेंटिना व चिली या देशांमध्यें सुमारे ५,३०० किलोमीटर लांबीची सरहद्द आहे. ती ठरवितांना हे देश निदान दोनदां युद्धाच्या अगदीं तोंडाशीं गेले, आणि दोन्ही वेळां मागें फिरले.

नकाशा पुढें ठेवावा. पश्चिमेस प्रशांत महासागर, त्याला लागून एखाद्या अरुंद पट्टीप्रमाणें पसरलेला चिली देश, मग उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आंडीज पर्वताची रांग, आणि तिच्या पूर्वेस आर्जेंटिनाचीं विस्तीर्ण गवताळ मैदानें. दोन्ही देश पूर्वीं स्पेनच्या ताब्यांत होते. १८१७ सालीं सान मार्टिन नांवाचा सेनापति आर्जेंटिनांतील मेंडोसा शहरांतून फौज घेऊन हा पर्वत ओलांडून गेला, आणि त्याच्या मदतीनें चिलीचे लोक स्वतंत्र झाले. तेव्हां हे परके नव्हेत, भाऊच होत. पण भाऊबंदकी भावांतच होते, हें आपल्या गांवांतील कोणासही सांगावें लागत नाहीं.

१८८१ सालीं दोघांनीं सरहद्दीचा तह केला. चिलीची त्या वेळीं पेरू व बोलिव्हिया यांच्याशीं लढाई चालू होती, आणि दुसरा शत्रु अंगावर घेण्याची त्याची तयारी नव्हती. तहांत असें ठरलें कीं, सरहद्द आंडीजच्या पाणी विभागणाऱ्या अत्युच्च शिखरांवरून जावी. वाक्य सोपें आहे. ज्यांनीं तें लिहिलें त्यांनीं दक्षिणेकडील डोंगर पाहिले नव्हते.

आपल्या सह्याद्रीचें उदाहरण घेऊं. महाबळेश्वराच्या पठारावर पडलेल्या पावसाचें कांहीं पाणी कृष्णेंतून बंगालच्या उपसागरास जातें, आणि कांहीं सावित्रींतून पश्चिमेच्या समुद्रास मिळतें. तेथें डोंगराची धार व पाण्याचा ढाळ हीं बहुतेक एकाच रेषेंत आहेत, म्हणून धारेवर बांध घाला म्हटलें काय किंवा पाणी फुटतें तेथें घाला म्हटलें काय, अर्थ एकच. परंतु दक्षिण आंडीजमध्यें तसें नाहीं. तेथें कित्येक नद्या उंच शिखरांच्या पूर्वेस, जवळजवळ मैदानाच्या कडेला उगम पावतात, आणि मागें वळून पर्वत फोडून पश्चिमेच्या महासागरास जातात. शिखरें एकीकडे राहिलीं व पाणलोट दुसरीकडे गेला. चिलीचे लोक म्हणूं लागले, "तहांत पाणी लिहिलें आहे." आर्जेंटिनाचे म्हणूं लागले, "तहांत शिखरें लिहिलीं आहेत." दोघेही तहाचाच कागद दाखवीत होते. या दोन अर्थांच्या मध्यें सुमारे ९४,००० चौरस किलोमीटर मुलूख सांपडला: दऱ्या, सरोवरें, अरण्यें व गुरें चारण्याचीं कुरणें.

आर्जेंटिनाच्या बाजूचा जाणता फ्रान्सिस्को मोरेनो यानें १८९८ सालीं एक नवल केलें. फेनिक्स नांवाची एक लहान नदी पश्चिमेकडे वाहत असे. त्यानें मजुरांकडून एक चर खणवून तिचें पाणी पूर्वेकडील देसेआदो नदींत, म्हणजे अटलांटिकच्या बाजूस, वळविलें. जी रेषा फावड्यानें बदलतां येते ती दोन राष्ट्रांची सरहद्द कशी होईल, असें त्यास दाखवावयाचें होतें. युक्तिवाद चतुर होता. पण चतुराईनें बांधाचे दावे मिटत असते तर आपल्या तालुक्यांच्या कचेऱ्या रिकाम्या असत्या.

इकडे वाद चालू असतां तिकडे शस्त्रें जमत होतीं. चिलीनें इंग्लंडांत दोन मोठ्या युद्धनौका बांधावयास सांगितल्या. आर्जेंटिनानें इटलींत दोन चिलखती क्रूझर सांगितल्या. एकानें एक जहाज घेतलें कीं दुसऱ्यानें त्याहून मोठें घ्यावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. पैसा बहुतेक कर्जाचा. ही कर्जें देणाऱ्यांत लंडनचे सावकार मोठे होते, आणि युद्ध झालें तर मुद्दल बुडेल हें त्यांस चांगलें कळत होतें. म्हणून इंग्लंडच्या वकिलांनीं दोन्ही राजधान्यांत समेटासाठीं जी खटपट केली तिच्यामागें केवळ परोपकार नव्हता. हें लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांत आपल्या प्रभूनें जो राजा दाखविला आहे, तो दहा हजारांनिशीं वीस हजारांशीं लढतां येईल काय याचा बसून हिशेब करितो, आणि हिशेब जुळत नाहीं असें पाहून वकील पाठवून सलोख्याचें बोलणें लावितो. प्रभु तेथें शिष्यपणाची किंमत शिकवीत आहे हें खरें. तरी हिशेब करणाऱ्या राजास तो मूर्ख म्हणत नाहीं.

वाद मिटला नाहीं तर इंग्लंडच्या राजसत्तेस लवाद नेमावें, असा करार १८९६ सालींच झाला होता. १८९८ सालीं प्रकरण हातघाईवर येऊं लागलें तेव्हां दोन्ही सरकारांनीं कागदपत्र लंडनास पाठविले. पुढील वर्षीं, १५ फेब्रुवारी १८९९ रोजीं, आर्जेंटिनाचे अध्यक्ष रोका व चिलीचे अध्यक्ष एर्रासुरिस हे मॅगेलनच्या सामुद्रधुनीजवळ पुंता आरेनास येथें भेटले व त्यांनीं एकमेकांस आलिंगन दिलें. उत्तरेकडील पुना दे आटाकामा या उजाड पठाराचा तंटा निराळा काढून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे वकील बुकानन यांच्या मदतीनें त्याच वर्षीं तोडण्यांत आला. मोठा दावा तोडण्यापूर्वीं लहान दावा तोडावा, म्हणजे पंचांवर विश्वास बसतो. हा शहाणपणा गांवकीच्या बैठकींतही उपयोगी पडेल.

दक्षिणेच्या दाव्यांत कागदांवरून निवाडा करणें शक्य नव्हतें. म्हणून १९०२ सालीं लवादाच्या वतीनें सर टॉमस होल्डिच हे स्वतः तो मुलूख पाहावयास गेले. हिंदुस्थानच्या वाचकांस हें नांव परकें वाटूं नये. हे गृहस्थ हिंदुस्थानच्या भूमापनखात्यांत वाढलेले. अफगाणिस्तान व पामीर यांच्या सरहद्दी मोजण्यांत त्यांचें आयुष्य गेलें होतें. जी विद्या त्यांनीं आपल्या वायव्येकडील डोंगरांत मिळविली, ती त्यांनीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जाऊन वापरली.

तेथें त्यांस जे लोक भेटले त्यांची हकीकत आपल्या मंडळ्यांस विशेष गोड वाटेल. १८६५ सालीं वेल्स देशांतील सुमारे दीडशें माणसें 'मिमोसा' नांवाच्या जहाजांतून पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर उतरलीं. आपली भाषा बोलतां यावी आणि आपल्या रीतीनें उपासना करितां यावी म्हणून तीं घर सोडून गेलीं होतीं. हे लोक आपल्यासारखेच प्रॉटेस्टंट. वस्ती झाली कीं प्रार्थनामंदिर बांधावें अशी त्यांची चाल. पुढें वीस एक वर्षांनीं त्यांच्यांतील कित्येक कुटुंबें आंडीजच्या पायथ्याशीं एका सुपीक खोऱ्यांत येऊन राहिलीं, आणि नेमकें तेंच खोरें दोन राष्ट्रांच्या भांडणांत सांपडलें. ३० एप्रिल १९०२ रोजीं कोरिंतोस नदीजवळील शाळेंत हे लोक जमले. होल्डिचसाहेबांनीं त्यांचें म्हणणें ऐकिलें, आणि आम्हांस आर्जेंटिनाच्या निशाणाखालीं राहावयाचें आहे असें त्यांनीं सांगितलें. त्या सरकारनें त्यांस जमिनी दिल्या होत्या. निवाड्यांत तें खोरें आर्जेंटिनाकडेच राहिलें.

मोठ्या राज्यांचे तह होत असतां जमिनीवर राहणाऱ्यांस कोणी विचारीत नाहीं, असाच जगाचा बहुतेक अनुभव आहे. या एका ठिकाणीं विचारलें, आणि शाळेच्या खोलींत विचारलें, हें आमच्या मनांत फार दिवस राहिलें आहे. मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या मुलखांत वेल्श लोकांच्या पूर्वींपासून तेहुएल्चे व मापुचे हे लोक राहत होते. आर्जेंटिनाच्या फौजांनीं त्याआधीं थोड्याच वर्षांपूर्वीं त्यांचा मोड करून त्यांच्या जमिनी घेतल्या होत्या. दोन राष्ट्रांमधील शांतता ही सर्वांचीच शांतता नसते.

निवाडा येण्यापूर्वींच, २८ मे १९०२ रोजीं, दोन्ही देशांनीं चिलीची राजधानी सांतियागो येथें करार केले. पुढें होणारे तंटे लवादाकडे न्यावे असें त्यांत ठरलें. शिवाय बांधावयास दिलेल्या नव्या युद्धनौका घेऊं नयेत, आणि पांच वर्षांच्या मुदतींत अठरा महिने आधीं सूचना दिल्यावांचून आरमार वाढवूं नये, असेंही ठरलें. दोन राष्ट्रांनीं आपखुशीनें आपलीं आरमारें मर्यादित केल्याचें हें पहिल्या उदाहरणांपैकीं एक होय. मग २० नोव्हेंबर १९०२ रोजीं सातव्या एडवर्ड बादशहांचा निवाडा जाहीर झाला. शिखरांची रेषाही पूर्ण मानिली नाहीं व पाणलोटाचीही नाहीं. दोहोंच्या मधून रेषा काढिली. सुमारे ५४,००० चौरस किलोमीटर चिलीस व ४०,००० आर्जेंटिनास गेले. दोघांनींही कुरकुर केली व दोघांनींही तो मानिला. पुढील वर्षीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं डोंगरांतून फिरून सरहद्दीचे खांब रोविले.

त्या जहाजांचें काय झालें, हें कोणी विचारील. चिलीच्या दोन नौका इंग्लंडनेंच विकत घेतल्या. त्यांपैकीं 'ट्रायंफ' ही १९१५ सालीं गॅलिपोलीच्या लढाईंत बुडाली. आर्जेंटिनाच्या दोन जपाननें घेतल्या, आणि 'निश्शिन' व 'कासुगा' या नांवांनीं त्या रशियाशीं झालेल्या युद्धांत लढल्या. आंडीजमध्यें जी शांतता झाली तिनें तोफा मोडल्या नाहींत, दुसऱ्याच्या दारीं पोंचविल्या. तरवारींचे फाळ होण्यास याहून अधिक कांहीं लागतें.

आतां त्या प्रसिद्ध पुतळ्याविषयीं. कूयो प्रांताचे बिशप बेनाव्हेंते यांच्या सूचनेवरून ख्रिस्ताचा एक मोठा कांशाचा पुतळा मातेओ आलोन्सो नांवाच्या शिल्पकारानें तयार केला होता. तो सरहद्दीवरच बसवावा यासाठीं आंखेला ऑलिव्हेइरा सेसार दे कोस्ता या बाईंनीं खटपट केली. आगगाडीनें तो पर्वताच्या पायथ्यापर्यंत नेला, पुढें खेचरांच्या बळावर व शिपायांच्या हातांनीं वर चढविला, आणि १३ मार्च १९०४ रोजीं सुमारे १२,५०० फूट उंचीच्या खिंडींत दोन्ही देशांच्या लोकांसमोर उघडा केला. डाव्या हातांत वधस्तंभ आहे, उजवा हात आशीर्वादासाठीं उचललेला आहे. आम्ही पुतळ्यांपुढें नमणारे लोक नव्हों, आणि कांशाचा ख्रिस्त कोणाचें रक्षण करील असें आम्हीं कधीं शिकविलें नाहीं. परंतु या पुतळ्यास आम्ही लाबानाच्या राशीच्या जातींत घालतों. ती रास पूजेसाठीं नव्हती, साक्षीसाठीं होती.

दहा वर्षांनीं युरोपांत पहिलें महायुद्ध पेटलें. या दोन्ही देशांनीं शेवटपर्यंत तटस्थता राखिली, आणि ती राखणें सोपें नव्हतें. त्याच १९१४ सालीं, युद्धापूर्वीं थोडेच महिने, आर्जेंटिना, ब्राझिल व चिली या तिघांनीं अमेरिकेची संयुक्त संस्थानें व मेक्सिको यांच्यामध्यें पडून कानडांतील नायगारा फॉल्स येथें बोलणें घडवून आणिलें होतें. १९१५ च्या मार्च महिन्यांत इंग्रज जहाजांनीं जर्मनीच्या 'ड्रेसडेन' नौकेस चिलीच्याच समुद्रांत गांठून तिच्यावर तोफा डागिल्या. चिलीनें तक्रार केली व इंग्लंडनें दिलगिरी दर्शविली. १९१७ सालीं जर्मन पाणबुड्यांनीं आर्जेंटिनाचीं जहाजें बुडविलीं, आणि जर्मन वकिलाच्या दुष्ट तारा उघडकीस आल्या. लोक खवळले, कायदेमंडळानें संबंध तोडावे असा ठराव केला, तरी अध्यक्ष इरिगोयेन यांनीं तटस्थता सोडिली नाहीं. तटस्थ म्हणजे निर्दोष, असा अर्थ मात्र कोणी करूं नये. चिलीचा सोरा इंग्लंड-अमेरिकेच्या सुरुंगाच्या दारूसाठीं जात होता व आर्जेंटिनाचा गहूं आणि मांस इंग्लंडच्या पोटांत जात होतें. दोघांसही पैसा मिळाला.

येथें थांबलों असतों तर पाठ सुंदर झाला असता. परंतु अति दक्षिणेस, बीगल सामुद्रधुनीच्या तोंडाशीं, पिक्टन, लेनॉक्स व नुएव्हा नांवाचीं तीन लहान बेटें आहेत. १८८१ च्या तहांत त्यांजविषयींही अस्पष्ट लिहिलेलें होतें. बेटांवर वस्ती नांवाला; पण बेट ज्याचें त्याचा भोंवतालचा समुद्र, म्हणून हट्ट वाढला. १९७१ सालीं दोघांनीं तो वाद पुन्हा इंग्लंडच्या राजसत्तेकडे दिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं तो तपासिला, आणि १९७७ च्या मे महिन्यांत तिन्ही बेटें चिलीचीं असा निवाडा आला. १९७८ च्या जानेवारींत आर्जेंटिनानें तो निवाडा आम्हांस मान्य नाहीं असें जाहीर केलें.

१९०२ चा निवाडा टिकला व १९७७ चा कां फेटाळिला गेला? कोणी म्हणतात, पहिल्यानें दोघांस वांटून दिलें, दुसऱ्यानें एकासच सर्व दिलें. यांत तथ्य आहे, पण पंचानें नेहमीं अर्धें-अर्धें करावें असें आम्हांस वाटत नाहीं. शलमोनापुढें मुलाचे दोन तुकडे करण्यास जी बाई कबूल झाली ती खरी आई नव्हती. आमच्या मतें खरा भेद वादी बदलले हा होय. १९७८ सालीं दोन्ही देशांवर लष्करी सरकारें होतीं. आर्जेंटिनाच्या सेनापतींस माघार घेणें म्हणजे घरांत सत्ता गमावणें वाटत होतें. निवाडा न्यायाचा असला म्हणजे झालें असें नव्हे. हरलेल्या पक्षाच्या अंगीं तो घरीं जाऊन सांगण्याची ताकद असावी लागते.

त्या वर्षींच्या डिसेंबरांत दोन्ही आरमारें दक्षिणेच्या समुद्रांत आलीं, डोंगरांत फौजा उभ्या राहिल्या, आणि २२ तारखेस आर्जेंटिनाचा हल्ला ठरला. नाताळास तीन दिवस उरले होते. खिंडींतला पुतळा हात उचलून उभाच होता. त्यानें एकाही शिपायास थांबविलें नाहीं. ऐन वेळीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं मध्यस्थ पाठवितों असें कळविलें, आणि हल्ल्याचा हुकूम मागें घेण्यांत आला. दोन्ही देशांची बहुतेक प्रजा रोमन कॅथोलिक. पोपास नाहीं म्हणणें कोणासही जड होतें. आमचे रोमच्या मंडळीशीं मतभेद आहेत ते आहेतच, परंतु येथें केलेलें काम चांगलें होतें व तें चांगलें म्हणावें.

पाठविलेले गृहस्थ कार्डिनल आंतोनिओ सामोरे. वय त्र्याहत्तर. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं ते ब्वेनोस आयरेस येथें उतरले, आणि कधीं या राजधानींत तर कधीं त्या राजधानींत फेऱ्या घालूं लागले. ८ जानेवारी १९७९ रोजीं माँतेव्हिदेओ येथें दोन्ही पक्षांनीं बळ न वापरण्याचें वचन लिहून दिलें. पुढें रोम येथें वर्षानुवर्षें बोलणीं चाललीं. १९८० च्या डिसेंबरांत पोपांनीं जी योजना दिली ती चिलीनें स्वीकारिली. आर्जेंटिना होयही म्हणेना, नाहींही म्हणेना. उतावळ्या माणसानें या दिवसांस वाया गेलेले दिवस म्हटलें असतें. आम्ही तसें म्हणणार नाहीं, कारण त्या सर्व दिवसांत कोणीही मेलें नाहीं. १९८२ सालीं आर्जेंटिनाचे सेनापति फॉकलंड बेटांसाठीं इंग्लंडशीं लढून हरले, १९८३ सालीं तेथें लोकनियुक्त सरकार आलें, आणि नवे अध्यक्ष आल्फोन्सिन यांनीं प्रश्न सरळ लोकांपुढें ठेविला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं मत देणाऱ्यांपैकीं शेंकडा ऐशींहून अधिकांनीं तहास होकार दिला. चार दिवसांनीं व्हॅटिकन येथें सह्या झाल्या. बेटें चिलीचीं राहिलीं, समुद्राची वांटणी झाली. सामोरे तें पाहावयास नव्हते; ते १९८३ च्या फेब्रुवारींत वारले. आंडीजमधील एका खिंडीस आतां त्यांचें नांव आहे.

१९९४ सालीं आणखी एक दावा, देसिएर्तो सरोवराचा, लॅटिन अमेरिकेच्या न्यायाधीशांपुढें गेला. या वेळीं आर्जेंटिना जिंकलें. चिलीनें फेरतपासणी मागितली, ती नाकारली गेली, आणि चिलीनें निवाडा मानिला.

उपदेशकांनीं वर्गास नकाशा दाखवितांना दक्षिण आंडीजमधील मोठ्या हिमप्रदेशावर बोट ठेवावें. १९९८ सालीं त्याविषयींही करार झाला आहे; पण फिट्झ रॉय शिखरापासून मुरायोन शिखरापर्यंतच्या भागांत सरहद्द जमिनीवर आंखावयाची राहिली आहे. मुलांस विचारावें : जेथें धोंड्यांची रास करावयास धोंडाच नाहीं, बर्फच बर्फ आहे, तेथें लाबान व याकोब यांनीं साक्षीसाठीं काय उभें केलें असतें?